चालू इंजिन

माझा भाऊ विमान शिकवायचा. धारच्या बाहेरच्या हवाईपट्टीवर एक फ्लाइंग स्कूल होतं, तिथे तो इन्स्ट्रक्टर होता. आधी बरीच वर्षं एका इंजिनाच्या लहान विमानांवर आणि मग दोन इंजिनांच्या. दोन इंजिनांचं विमान त्याच्याकडे आलं तेव्हा देवासला आमच्या आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. एक बंद पडलं तरी दुसरं आहे, म्हणजे पोरावरचा धोका निम्मा झाला, असं तिचं सरळ म्हणणं. दादानं तिला दुरुस्त केलं नाही. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "हाव आई, आता डबल गॅरंटी."

मला मात्र त्यानं खरं काय ते सांगितलं होतं. मी पीथमपुरला एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. एका रविवारी दादा, वहिनी आणि मी मांडवला निघालो होतो आणि नालछ्याला दाल-पानिये खायला थांबलो. मी सहज विचारलं, "आता तुला कमी भीती वाटत असेल ना?"

त्यानं दोन्ही हात पंखांसारखे पसरले. शेजारच्या बाकावरचे लोक बघायला लागले.

"दोन इंजिनांच्या लहान विमानात एक इंजिन गेलं की ताकद अर्धी होते," तो म्हणाला. "पण वर चढायची ताकद जवळजवळ सगळीच जाते. एका बाजूचा पंखा ओढतोय, दुसऱ्या बाजूचा नुसता वारा अडवतोय. विमान मेलेल्या बाजूला वळायला लागतं. ते पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून सरळ ठेवायचं. पण रडरला वारा लागतो आणि वाऱ्याला वेग. वेग एका हद्दीखाली गेला की तू दोन्ही पायांवर उभी राहिलीस तरी ते सरळ राहत नाही. जे इंजिन चालू आहे तेच मग विमानाला उलटं करतं."

"मग करायचं काय?"

"उंचावर असशील, वेग असेल, तर एकावर परत येता येतं. जमिनीलगत असशील तर चालू इंजिनही बंद करायचं आणि समोर जे येईल त्यात सरळ उतरायचं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण माणसाचा हात होत नाही. एक चालतंय ना, मग त्याच्या जिवावर नाक वर ओढत राहतात. आणि मरतात."

आणखीही बरंच सांगत होता. घाईगर्दीत बंद पडलेल्याऐवजी चांगलंच इंजिन बंद करणारे, एक टाकी भरलेली असताना रिकाम्या टाकीवर इंजिन चालवत राहणारे, चाकं खाली घ्यायला विसरणारे. अपघातांचे अहवाल तो इतरांनी वर्तमानपत्र वाचावं तसे वाचायचा. वहिनीनं त्याच्या ताटात वरण वाढलं आणि मला म्हणाली, "वन्सं, जेवताना यांना विमानाचं विचारू नका. गार होतं सगळं."

वन्सं म्हणणारी माझ्या ओळखीत ती एकटीच. माहेर अमझेऱ्याचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा. धारला एका शाळेत शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. ते आईला सलायचं आणि आई ते लपवायची नाही.

तो दिवस मे महिन्यातला. सकाळी दादाचं उड्डाण होतं, पण कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरणार म्हणून पट्टी रिकामी ठेवायला सांगितली होती. हेलिकॉप्टर आलं, हारतुरे झाले, ते गेलं. तोवर ऊन चढलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं.

आमच्या प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी आत काम करत होते. सुपरवायझर काचेपलीकडे येऊन उभे राहिले. त्यांना आत यायचं तर पांढरा कोट, टोपी, बुटांवरची पिशवी, सगळं चढवावं लागतं. त्यांनी काचेवर बोटांनी वाजवलं आणि हातानं बोलावलं. मी बाहेर येऊन टोपी काढत होते तेव्हा ते म्हणाले, "आपकी भाभी का फोन था. आप धार निकलिए. गाड़ी गेट पे है." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची गरज नव्हती.

पट्टीच्या टोकापलीकडे शेतं आहेत. गहू कधीच निघालेला, जमीन नांगरून सोयाबीनसाठी तापत पडलेली. गर्दीमुळे गाडी रस्त्यावरच थांबवावी लागली. ढेकळांतून चालत गेले. पेट्रोलचा वास येत होता. आग लागली नव्हती. गावातले लोक तरी घमेल्यांनी माती टाकत होते. विमान पोटावर बसलेलं दिसलं. डावी बाजू इतकी धड की रंगावर ओरखडासुद्धा नव्हता. उजवा पंख मात्र नव्हता. शेतात एक दगडी कठड्याची विहीर होती आणि विमानाची उजवी बाजू त्या कठड्यात शिरली होती.

इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसतो.

वहिनी विहिरीच्या पलीकडे उभी होती. डोक्यावर कुणीतरी ओला टॉवेल टाकला होता. मला बघून ती म्हणाली, "शिकणारी पोरगी जिवंत आहे. तिला नेलं." मग म्हणाली, "हे अजून आत आहेत." मी पुढे जायला लागले तर एका शेतकऱ्यानं मला दंडाला धरलं. "मत जाओ बई. देखने जैसा नहीं है."

गेले नाही. आजही लोक विचारतात, शेवटचं पाहिलंस का. नाही पाहिलं.

त्याला काढायला पत्रा कापावा लागला. मग पंचनामा, जिल्हा रुग्णालय, पोस्टमॉर्टेम. देवासला नेलं तेव्हा चेहरा झाकलेला होता. आई सारखी म्हणत होती, "एकदा उघडा. माझा आहे तो." आमच्या काकांनी तिचे हात धरून ठेवले होते.

विमानात तो एका शिकाऊ मुलीबरोबर होता. दुसरीकडून कुठून तरी शिकायला आलेली, वीस-एकवीसची असेल. उड्डाण तीच करत होती. चाकं जमिनीवरून उचलली आणि डावं इंजिन गेलं, एवढं पट्टीवरच्या लोकांनी पाहिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली. थोड्या वेळानं उजव्या इंजिनाचाही आवाज थांबला, आणि तो बंद पडल्यासारखा नव्हता. खटका बंद करावा तसा होता.

तीच गोष्ट हिंदी पेपरात आली. पायलटनं चालू इंजिन स्वतः बंद केलं, अशा अर्थाचा मथळा.

भेटायला येणारे ते वाचून यायचे. आमच्या लांबच्या नात्यातले एक निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर मशिनं हाताळलेले, आईसमोर बसून म्हणाले, "एक तो चल रहा था ना भिया? मग बंद का केलं? पट्टी मागेच होती. वळवून आणायचं." कुणी म्हणालं, घाबरला असेल. कुणी म्हणालं, चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. एक बाई आवाज खाली करून म्हणाल्या, "घरी सगळं ठीक होतं ना?"

आई कोपऱ्यात पांढऱ्या चादरीवर बसून ऐकत होती. तिनं पेढे वाटले होते. दुसरं इंजिन चालू असताना मुलगा मरतो आणि ते त्यानंच बंद केलेलं असतं, हे तिच्या डोक्यात कुठेच बसत नव्हतं. मग तिनं ते स्वतःच बसवलं. एका दुपारी मी तिला औषध द्यायला गेले तर ती म्हणाली, "त्याला जगायचंच नव्हतं."

"आई, काय बोलतेस!"

"मागच्या वेळेस आले होते तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी पाहिलंय."

हे खरं होतं. वहिनीचं म्हणणं होतं की त्यानं शिकवणं सोडून मोठ्या विमानांची नोकरी धरावी, दिल्लीला जावं. तो तयार नव्हता. नवराबायको दोन दिवस तोंड फिरवतात आणि तिसऱ्या दिवशी भाजी काय करू म्हणून विचारतात, तितकंच ते होतं. मी आईला तसं सांगितलं. तिनं गोळी गिळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौकशीचे अधिकारी देवासला आले. समंजस माणूस होता, बोलायला मऊ. त्यांना ठरलेले प्रश्न विचारावेच लागतात. झोप कशी होती, काही दुखणं होतं का, औषध, दारू, घरात काही ताण. ते वहिनीला विचारत होते आणि ती एकेकाचं उत्तर देत होती. ताणाचा प्रश्न आला तेव्हा ती क्षणभर थांबली. तेवढ्यात आई आतल्या खोलीतून बाहेर आली.

"ताण होता," आई म्हणाली. हिंदीत म्हणाली, त्यांना नीट कळावं म्हणून. "बहू से पूछिए. क्या बोला था उसने मेरे लड़के को, वो पूछिए."

अधिकारी वहिनीकडे बघत राहिले. वहिनी म्हणाली, "नौकरी की बात पर बहस हुई थी. बस." त्यांनी ते लिहून घेतलं. मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी होते. मला तो कुठेतरी ठेवायचं सुचेना.

वहिनीनं त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि ती अमझेऱ्याला गेली. आईच्या पाया पडली नाही. आईनंही तिला थांब म्हटलं नाही.

त्यानंतर मी त्या शिकाऊ मुलीकडे गेले. इंदूरच्या दवाखान्यात ती उताणी पडून होती, कमरेपासून खाली पट्ट्या, आई उशाशी. मी कोण ते सांगितलं तशी ती रडायला लागली. तिच्या आईनं मला जायची खूण केली, पण मुलगीच म्हणाली, "नहीं मम्मी, बैठने दो."

तिनं जे सांगितलं ते असं. विमान वर उठलं, तिनं चाकं आत घ्यायला हात नेला आणि डावीकडून ओढ बसली. आधी तिला वाटलं, वारा असेल. नाक डावीकडे जायला लागलं, म्हणून तिनं कंट्रोल मागे ओढला, वर जायला हवं म्हणून. अशा वेळी ओढायचा नाही असं कितीदा शिकवलं होतं, तरी ओढला. वेग उतरत गेला आणि डावा पंख खाली जायला लागला. खिडकीत एकदम जमीन आली.

"सर बोले, छोड़ो. मैंने नहीं छोड़ा, दीदी. मेरे हाथ खुल ही नहीं रहे थे. उन्होंने मेरे हाथ पर मारा. फिर राइट इंजन का थ्रॉटल पूरा पीछे खींच लिया, बंद."

"मग?"

"फिर विंग सीधा हो गया. एकदम शांत हो गया सब. सर बोल रहे थे, सीधा, सीधा, खेत में. उन्होंने नाक नीचे की. मुझे लगा बच गए. सच में लगा."

तिला विहीर शेवटच्या क्षणी दिसली. मी विचारलं, "सरांनी तुझ्या बाजूनं लागू नये म्हणून वळवलं का?" हे मी का विचारलं ते मला माहीत आहे. आईला सांगायला काहीतरी हवं होतं.

ती छताकडे बघत म्हणाली, "पता नहीं, दीदी. मैं झूठ नहीं बोलूँगी. पता नहीं."

मी देवासला येऊन आईसमोर बसले. नालछ्याला दादानं मला दाखवलं होतं तसे हात पसरले. हा पंखा ओढतोय, हा अडवतोय. वेग नाही. चालू इंजिन ठेवलं असतं तर विमान पलटी खाऊन डोक्यावर आलं असतं, दोघंही जागच्या जागी गेली असती. त्यानं ते बंद केलं म्हणून ते सरळ उतरलं. मोकळं शेत होतं. विहीर नसती तर दोघंही चालत बाहेर आली असती.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती पोरगी शिकाऊ. तिला काय कळतंय? तिचं काहीतरी चुकलं असेल, म्हणून असं सांगते."

"चुकलंच तिचं. ती स्वतःच सांगते आहे."

"मग माझ्या मुलानं का मरायचं?"

मी पसरलेले हात खाली घेतले.

अहवाल यायला खूप काळ गेला. एव्हाना धारचं बिऱ्हाड मोडलं होतं. वहिनीला अमझेऱ्याजवळच्या एका शाळेत काम मिळालं होतं. माझे तिला अधूनमधून फोन जायचे. ती उचलायची, आईची तब्येत विचारायची आणि ठेवायची.

अहवाल वाचायला मला अवघड गेला नाही. आमच्याकडे एखादी बॅच नापास झाली की असंच लिहितात. काय झालं, कशामुळे झालं, आणखी कशाचा हातभार लागला. डाव्या इंजिनाला इंधन पोचवणारा पंप आतून तुटला होता. चालू इंजिनाची ताकद काढून समोर उतरण्याचा इन्स्ट्रक्टरचा निर्णय योग्य होता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पण अहवाल तिथे संपत नव्हता. त्या उन्हानं विरळ झालेल्या हवेत, दोन्ही टाक्या भरून वजन वाढलेलं असताना, ते विमान एका इंजिनावर चढूच शकलं नसतं. हे उड्डाणाआधी बघायला हवं होतं आणि ते बघण्याची जबाबदारी इन्स्ट्रक्टरची होती. सकाळच्या गारव्याच्या हिशेबानं भरलेलं इंधन दुपारच्या उन्हात तसंच राहिलं. पट्टी का रिकामी ठेवली होती, याबद्दल एक ओझरता उल्लेख होता.

म्हणजे दादाचं चुकलं होतं. त्यानं दुपारी उडायला नको होतं. शेवटच्या काही क्षणांत त्याला जे करायचं होतं ते त्यानं अचूक केलं, पण ते करायची वेळ त्यानंच आणली होती. दोन्ही गोष्टी एकाच पानावर होत्या. मला त्यातली एकच आईला वाचून दाखवता आली असती. मी दोन्ही वाचल्या. मराठी करून, सावकाश.

आईनं पहिल्यांदा विचारलं ते हेलिकॉप्टरबद्दल. "सकाळी गेला असता तर?"

"तर कदाचित वाचला असता. नक्की नाही."

"ती पोरगी खरं बोलत होती."

"हो."

ती उठून आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती प्रवासाचं लुगडं नेसून. "अमझेऱ्याला गाडी कुठून मिळते?" तिनं विचारलं.

त्या वेळेला गाडी नव्हती; दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. इंदूर, धार, मग पुढे. धारहून जाताना तिनं हवाईपट्टी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मी दाखवल्यावर तिनं मान दुसरीकडे वळवली.

वहिनीचे वडील ओसरीवर होते. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः देवळाकडे निघून गेले. वहिनी चहा घेऊन आली. बारीक झाली होती. केसांत पांढरं दिसत होतं. आईनं चहा हातात घेतला पण प्यायली नाही.

"अहवाल आला," आई म्हणाली.

"मला पाठवलाय त्यांनी. वाचला मी."

"मी त्या साहेबांना जे सांगितलं..." आईनं कप दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा म्हणाली, "मी जे सांगितलं ते..."

"आई, चहा निवतोय."

आई चहा प्यायली. मी मध्येच तोंड घातलं, कारण मला ते सहन होईना. म्हणाले, "वहिनी, दादानं इंजिन का बंद केलं ते तुम्हाला माहीत होतं का? तेव्हाच?"

"रोज ऐकायची मी, वन्सं. झोपेतसुद्धा शिकवायचे. शेतात उभी होते तेव्हाच कळलं मला, विमान सरळ बसलेलं बघून."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तिनं माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. रागानं नाही. "विचारलं कुणी?"

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो सुरू होत नव्हता. शेवटी आई म्हणाली, "घरी चल." विनंती करायची सवय नसलेल्या माणसासारखं ते आलं, जवळजवळ हुकमासारखं.

"नाही आई," वहिनी म्हणाली. "इथे शाळा आहे माझी. बाबांकडे बघायला कुणी नाही. तुम्ही फोन करत जा. मी उचलीन."

तिनं आम्हाला जेवायला घातलं. आईला दात नाहीत म्हणून भाकरी दुधात कुस्करून दिली. त्यांच्या दोघींच्यात तेवढंच घडलं. परतीची बस रस्त्यावरूनच धरायची होती. निघताना आई दाराशी चपला घालत होती तेव्हा वहिनी पुढे आली आणि वाकली. देवासहून निघताना वाकली नव्हती, ती आता वाकली.

आईचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून सवयीनं "अखंड" एवढाच शब्द बाहेर पडला. पुढचा सौभाग्याचा आशीर्वाद तिच्या ओठांवर होता आणि तो आता देता येत नव्हता. दुसरा आशीर्वाद तिला आठवेना. आयुष्यभर तिनं लेकीसुनांना तो एकच दिलेला. ती तशीच उभी राहिली, हात त्या डोक्यावर, तोंड अर्धवट उघडं. वहिनीही वाकलेलीच राहिली. मला वाटलं, ती रडते आहे. पण उठली तेव्हा डोळे कोरडे होते.

"चला आई," ती म्हणाली, "बस निघून जाईल."